प्रसूतिसमयी बापाचे स्थान कोठे?

‘बाळंतपण ही बायकांची गोष्ट, पुरुषाचे तिथे काय काम?’ हे वाक्य आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकलेले आहे. घरातील बाई कळा देऊ लागली की पुरुषांनी ओसरीवर यावे, नाहीतर देवळाच्या पारावर जाऊन बसावे, आणि आतून पोराचा टाहो ऐकू आला म्हणजे हात जोडावेत, अशी आपली रीत. त्यातून पहिले बाळंतपण माहेरी. म्हणजे बाप पाच-पन्नास कोस दूर. त्याला निरोप जायचा, आणि तो बाराव्या दिवशी पाळण्याला यायचा. या रीतीला नावे ठेवण्यासाठी आम्ही लेखणी उचललेली नाही. परंतु अलीकडे दिंडीच्या मुक्कामावर, सप्ताहाच्या मांडवात, तरुण वारकऱ्यांच्या तोंडून एक प्रश्न वारंवार निघू लागला आहे. ‘घरात बायकोचे दिवस भरत आलेत. वारीला निघावे की थांबावे? थांबलो तर दवाखान्याच्या दारात बसावे की आत जावे? डॉक्टरीणबाई म्हणतात, आत या. आई म्हणते, असला निलाजरेपणा आपल्या घराण्यात झाला नाही.’ प्रश्न चार शब्दांचा आहे, पण त्यात धर्म आहे, लाज आहे आणि दोन जीव आहेत. म्हणून त्याचा विचार नीट झाला पाहिजे.

आणि हा प्रश्न आपल्याच मंडळींना अधिक का पडावा, याचा हिशेब अगदी सरळ आहे. दसऱ्याच्या आगेमागे जिला दिवस राहतात, तिचे नऊ महिने अधिकमास नसेल तर नेमके आषाढी एकादशीच्या आगेमागे भरतात. ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून तुकोबांची आणि अष्टमीला आळंदीहून माउलींची पालखी निघते. तेव्हापासून एकादशीपर्यंतचे अठरा-वीस दिवस म्हणजे तिच्या अगदी शेवटच्या घटका. तेव्हा दर वर्षी काही घरांत हा पेच पडणारच. तो कुणा एकाचा नाही.

आधी रीत का पडली ते पाहू. चरकसंहितेच्या शारीरस्थानात सूतिकागाराचे वर्णन आहे. बाळंतिणीजवळ कोण असावे, तर जिला स्वतःला पुष्कळ मुले झालेली आहेत अशा, मायाळू, कामात वाकबगार, किळस न करणाऱ्या स्त्रिया असाव्यात, असा त्याचा भावार्थ. आपल्या जुन्या घरात हेच होते. आई, आजी, मावशी, शेजारची काकू आणि गावची सुईण. कुणी पाठ चोळते आहे, कुणी पाणी तापवते आहे, कुणी नुसतीच ‘झालं गं बाई, आता थोडंच राहिलं’ म्हणते आहे. पुरुष बाहेर होता हे खरे. पण तो बाहेर राहू शकत होता, कारण आत सगळे घर होते. अडलेल्या बाईला क्षणभरही एकटे सोडायचे नाही, हा त्या रीतीचा गाभा. पुरुषाने ओसरीवर बसावे, हे तिचे वरचे टरफल.

आता काळ काय झाला आहे? १९९२-९३ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील निम्म्याहून कमी बाळंतपणे दवाखान्यात होत होती. २०१९-२१ च्या पाहणीत हेच प्रमाण शंभरात जवळजवळ पंचाण्णव झाले. हे फार चांगले झाले. कितीतरी माता आणि बाळे त्यामुळे वाचली. यात कुणी मागे जाण्याची गोष्ट काढू नये. पण याबरोबर आणखी एक गोष्ट झाली, ती आपल्या ध्यानात आली नाही. बाई दवाखान्यात गेली, आणि दार लागले ते नवऱ्यावरच नाही तर आईवर, मावशीवर आणि सुइणीवरही लागले. परक्या लोकांत, उघड्या दिव्याखाली, लोखंडी खाटेवर ती एकटी. परिचारिका बिचारी चार खाटा सांभाळते. ती कुणाकुणाचा हात धरील? म्हणजे रीतीचा गाभा गेला आणि टरफल तेवढे राहिले. ‘पुरुषाचे तिथे काय काम’ हे आपण अजून म्हणतो. पण ‘तिच्याजवळ कोण आहे’ हे विचारायचे विसरलो.

कुणी म्हणेल, काळ बदलला तरी शास्त्र बदलत नाही. ठीक, शास्त्रच पाहू. गृह्यसूत्रांत सोष्यन्तीकर्म नावाचा एक विधी सांगितला आहे. सोष्यन्ती म्हणजे जी आता प्रसवणार आहे ती. पारस्कर गृह्यसूत्रात, तिला कळा लागल्या असता तिच्या अंगावर मंत्रपूर्वक पाणी शिंपडावे असे आहे, हेतू हा की सुटका सुखाने व्हावी. पुढे जातकर्म. मनुस्मृती सांगते की ते नाळ कापण्यापूर्वी करावे. आणि जातकर्म करायचे कुणी? बापाने. आता नाळ कापण्यापूर्वी ज्याला बाळाच्या तोंडाला मध-तूप लावायचे आहे आणि त्याच्या कानाशी बोलायचे आहे, तो बाप पन्नास कोसांवर कसा असेल? तो दाराशी तरी असलाच पाहिजे. (हल्लीच्या वैद्यकाप्रमाणे नवजात बाळाला मध देऊ नये, आईचे दूधच द्यावे, हे येथेच सांगून ठेवतो; विधीचा अर्थ घ्यावा, मधाचे बोट घेऊ नये.) तेव्हा बापाला दूर ठेवणे हे काही वेदांपासून चालत आलेले नाही. ती मागाहून पडलेली वहिवाट आहे.

मग सुवेराची अडचण पुढे करतात. ‘माळकरी माणूस, अंगाला सुवेर लागेल, पूजेत खंड पडेल.’ याचेही उत्तर धर्मशास्त्रातच आहे. नाळ कापली जाईपर्यंत सुवेर लागत नाही असे निबंधकार मानतात. आणि मनूच्या पाचव्या अध्यायात तर सूतक आईला असते, बाप स्नानाने शुद्ध होतो, असा पक्ष स्पष्ट सांगितलेला आहे. म्हणजे एका आंघोळीचा प्रश्न! एवढ्यासाठी ज्याला बायकोचा टाहो ऐकवत असूनही आत जाववत नाही, त्याचे सोवळे कोणत्या देवाला हवे आहे, हे त्यानेच विठ्ठलाला विचारावे.

पण वारकऱ्याला शास्त्राहून संतांचे चरित्र जवळचे. आणि या प्रश्नावर आपल्या परंपरेत एक कथा अशी आहे की तिच्याइतके थेट उत्तर दुसरीकडे मिळणार नाही. मंगळवेढ्याच्या चोखोबांची पत्नी सोयराबाई. तिचे दिवस भरले होते. घरात दारिद्र्य असे की बाळंतिणीला द्यायला काही नाही. चोखोबा घर सोडून मेहुणपुरीला आपली बहीण निर्मळा हिच्याकडे गेले. इकडे सोयराबाईला वेणा सुरू झाल्या. घरात कुणी नाही. तेव्हा पंढरीचा राणा निर्मळेचे रूप घेऊन, नणंद होऊन दारात उभा राहिला, आणि त्याने आपल्या हातांनी तिचे बाळंतपण केले. मुलगा झाला, तो पुढे संत झालेला कर्ममेळा. चोखोबा परतले तेव्हा त्यांना कळले की जी आली ती निर्मळा नव्हतीच. बायकोला अशा स्थितीत टाकून आल्याबद्दल निर्मळेने भावाला बोल लावला, असेही परंपरा सांगते.

ही कथा आपण कीर्तनात ऐकतो, डोळ्यांतून पाणी काढतो आणि घरी जातो. पण तिच्यातून धडा कोणता घेतो? पुष्कळ जण असा घेतात की, पहा, भक्त गेला तरी देव आला. तेव्हा आपण निश्चिंत वारीला जावे, घरचे तो पाहील. माउली, हा धडा उलटा आहे. देव आला तो चोखोबांच्या जाण्याला शाबासकी देण्यासाठी आला, असे कथा कुठेच म्हणत नाही. देव आला, कारण त्या घरात एक बाई एकटी कळा देत होती. तिथे कुणीतरी असायला हवे होते, आणि कुणी नव्हते. ती रिकामी जागा देवाने भरली. मग ती जागा मुळात रिकामी ठेवण्याचा अधिकार आम्हाला कुणी दिला? पोटचे पोर नदीत बुडता बुडता कुणा परक्याने वाचवले, तर आपण त्याचे पाय धरतो. पण दुसऱ्या दिवशी त्याच्या भरवशावर पोराला पुन्हा नदीत सोडत नाही.

कथेतल्या आणखी दोन गोष्टी पाहा. पहिली ही की, ज्या कामाला आपण ओवळे म्हणतो ते काम देवाने दुसऱ्याकडून करवून घेतले नाही. ज्या घराची सावली त्या काळच्या सोवळ्या लोकांना चालत नव्हती, त्या घरात, त्या रक्तात, त्या पाण्यात त्याने स्वतः हात घातले. मग जे देवाला हीन वाटले नाही ते आम्हाला हीन वाटावे, एवढे आम्ही कोण मोठे लागून गेलो?

दुसरी गोष्ट अधिक बारीक आहे, आणि आमच्या मते सगळ्या प्रश्नाची किल्ली तिच्यात आहे. देव नणंदेच्या रूपात का आला? तो सर्वशक्तिमान. चतुर्भुज रूपात आला असता, वैद्य होऊन आला असता, खुद्द चोखोबांचे रूप घेऊन आला असता, तरी त्याला कोण अडवणार होते? पण त्याने असे रूप घेतले की ज्याच्यापुढे सोयराबाईला संकोच वाटू नये. आपल्याला काय शोभेल हे त्याने पाहिले नाही; तिला काय सोसेल ते पाहिले. हा सेवेचा धर्म. सेवा करणारा आपल्या हौशीने रूप घेत नाही, जिची सेवा करायची तिच्या सोयीने घेतो.

यावरून आमचे म्हणणे असे. बापाने आत असावे की नसावे, हा प्रश्न बापाने सोडवायचा नाही, सासूने सोडवायचा नाही, गावाने किंवा मासिकानेही सोडवायचा नाही. ज्या खोलीत ती जिवावर उदार होऊन एक जीव जगात आणते, त्या खोलीची मालकीण त्या वेळेपुरती ती आहे. तिने ‘या’ म्हटले तर आत जाणे हा नवऱ्याचा धर्म. तिथे लाज, सुवेर, घराणे यांपैकी काहीही आडवे येऊ नये. तिने ‘नको, माझ्या आईला पाठवा’ म्हटले तर बाहेर राहणे हाही तितकाच धर्म. तिथे ‘मी बाप आहे, माझा हक्क आहे’ असे म्हणणे शोभत नाही. कित्येक बायांना त्या वेळी नवरा समोर नको असतो. वेदनेत तोंडातून काय शब्द निघतील, अंगावरचे लुगडे कुठे जाईल, याची त्यांना काळजी. त्यात नवऱ्याचा अपमान कसला?

मात्र तिला विचारायचे कसे, हेही शिकले पाहिजे. चारचौघांत, आईच्या देखत ‘काय गं, येऊ का मी आत?’ म्हटले तर कोणती सून ‘हो’ म्हणेल? आठव्या महिन्याच्या सुमारास, दोघेच असताना, शांतपणे विचारावे. तिने जे सांगितले ते घरच्यांपुढे आपले म्हणून मांडावे, तिच्या डोक्यावर ढकलू नये. ‘मला तिथे थांबायचे आहे’ असे नवऱ्याने म्हटले की सासूबाई चार शब्द मुलाला बोलतील. ‘तिला मी हवा आहे’ म्हटले की तेच शब्द सुनेला वर्षभर ऐकावे लागतील. आणि वेळ आल्यावर तिचे मन बदलले, तर तेही मुकाट्याने मानावे.

आता विद्वानांचा अनुभव काय तोही सांगतो. प्रसूतीच्या वेळी सतत सोबत असण्याने काय होते, याचे सतरा देशांतील सव्वीस प्रयोग, पंधरा हजारांहून अधिक स्त्रियांचे, २०१७ साली एकत्र करून तपासण्यात आले. जिच्याजवळ कुणीतरी सारखे होते तिची प्रसूती नैसर्गिक रीतीने होण्याचा संभव वाढला, कळांचा वेळ थोडा कमी झाला, पोट फाडून मूल काढण्याची वेळ कमी वेळा आली, आणि नंतर मनात राहणारी कटुताही कमी झाली. ही सोबत नवऱ्याचीच होती असे नाही. कुठे शिकलेली सेविका, कुठे घरची बाई, कुठे नवरा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये शिफारस केली ती याच अर्थाची, की प्रत्येक स्त्रीला तिच्या पसंतीचे माणूस सोबतीला मिळावे. ‘तिच्या पसंतीचे’ हे शब्द ध्यानात ठेवावेत. जिनिव्हाचे पंडित आणि मंगळवेढ्याची कथा येथे एका ठिकाणी येऊन भेटतात.

आपल्या सरकारनेही २०१६ च्या फेब्रुवारीत सरकारी दवाखान्यांतून जन्मसोबतीला परवानगी दिली. सोबतीण बहुधा घरातील बाई असावी, जिने स्वतः बाळंतपण अनुभवले आहे अशी. आणि जिथे प्रसूतिकक्षात आडोशाची नीट व्यवस्था आहे तिथे नवऱ्यालाही येऊ द्यावे, असा तो नियम. सोबत येणाऱ्याला सांसर्गिक रोग नसावा, कपडे स्वच्छ असावेत, त्याने शेवटपर्यंत थांबावे, डॉक्टरांच्या कामात ढवळाढवळ करू नये आणि दुसऱ्या बायांकडे जाऊ नये, अशा अटी आहेत. अटी योग्यच आहेत. एका खोलीत चार बाया कळा देत असतील आणि मध्ये पडदा नसेल, तर तिथे एकीच्या नवऱ्याने शिरणे हा बाकीच्या तिघींवर अन्याय. त्यांनाही आपल्या खोलीचा तितकाच अधिकार आहे. अशा ठिकाणी आईला किंवा बहिणीला आत पाठवावे, आणि डॉक्टरांना हात जोडून सांगावे की पडद्याची तेवढी सोय करा. दवाखान्याच्या दारात हुज्जत घालणे हे वारकऱ्याचे काम नाही, पण नियम काय आहे हे नम्रपणे सांगणे हे काम आहे.

कुणी समजेल की हे सारे पश्चिमेचे खूळ. पण तिकडेही ही जुनी चाल नव्हे. विसाव्या शतकाच्या मध्याला अमेरिकेतले बापसुद्धा बाहेरच्या खोलीत येरझारा घालीत बसत. रॉबर्ट ब्रॅडली नावाच्या डॉक्टरांनी नवऱ्याने जवळ राहून बायकोला धीर द्यावा असे सांगणारे पुस्तक लिहिले ते १९६५ साली. नंतर हळूहळू दारे उघडली. उलट, मिशेल ओदाँ या नामांकित फ्रेंच प्रसूतितज्ज्ञांनी बापाच्या उपस्थितीला विरोधही केला. त्यांचे म्हणणे असे की घाबरलेला पुरुष जवळ असला की त्याची भीती तिला लागते, आणि भीतीने कळा मंदावतात. या म्हणण्याकडे दुर्लक्ष करू नये. जो नवरा आत जाऊन दर पाच मिनिटांनी ‘अजून किती वेळ?’ विचारणार, रक्त पाहून भोवळ येऊन पडणार आणि दोघांना सांभाळण्याची पाळी परिचारिकेवर आणणार, त्याने बाहेर नामस्मरण करावे हेच बरे. आपला स्वभाव आपल्याला ठाऊक असतो. तो लपवू नये. आधीच तिला सांगावा, आणि तिच्या आईची सोय करावी.

आत जायचे ते कशाला? दर्शनाला नाही, सेवेला. पहिलटकरणीच्या कळा बारा-बारा तास चालतात, कधी अधिकही. त्या वेळात कमरेवर तळहाताने दाब द्यावा, घाम पुसावा, ओठ ओले करावेत, डॉक्टर हो म्हणतील तोवर हाताला धरून चार पावले चालवावे, श्वास संथ घे म्हणून आपण स्वतः संथ श्वास घ्यावा. बोलायचे ते थोडे आणि गोड. ती रागावली तर ऐकून घ्यावे. तो राग आपल्यावर नसतो. आणि खिशातला मोबाइल बाहेर ठेवावा. हल्ली काही जण आत जातात ते चित्रे काढण्यासाठी. एक जीव आकांत करतो आहे आणि दुसरा त्याचे चित्रण करतो आहे, याला सोबत म्हणत नाहीत.

परंतु आतबाहेरच्या या चर्चेत मुख्य गोष्ट निसटू नये. खोलीच्या आत असणे हे तिच्या इच्छेवर. पण हाकेच्या अंतरावर असणे हे इच्छेवर नाही, ते बापाचे कर्तव्य आहे. मातामृत्यूंचा अभ्यास करणाऱ्यांनी १९९४ साली तीन विलंब दाखवून दिले. निर्णय घ्यायला उशीर, दवाखान्यात पोचायला उशीर, आणि पोचल्यावर उपचार मिळायला उशीर. यातला पहिला उशीर घरात होतो. अंगावरून पाणी गेले आहे, किंवा रक्त जाते आहे, आणि घरात म्हाताऱ्या माणसांचा विचारविनिमय चालला आहे: ‘तो आल्याशिवाय कसे न्यायचे? पैसे त्याच्याजवळ.’ आणि तो कुठे, तर दोन जिल्हे पलीकडे. आषाढाच्या दिवसांत ओढ्याला पाणी, शेतातल्या वस्तीवर चिखल, गाडी बांधापर्यंत येत नाही. अशा वेळी ज्याच्या एका शब्दाने घर हलते तो माणूस घरात नसणे, हे तिला खोलीत एकटे सोडण्याहून भयंकर आहे.

म्हणून बापाने महिनाभर आधी काही गोष्टी करून ठेवाव्यात. कोणत्या दवाखान्यात जायचे ते ठरवावे. तिथे रात्री डॉक्टर असतात का ते पाहून यावे. १०८ क्रमांकाची गाडी २०१४ पासून महाराष्ट्रात आहे. ती वस्तीपर्यंत न आली तर कुणाची जीप मिळेल ते विचारून ठेवावे. २०११ पासूनच्या जननी-शिशु सुरक्षा योजनेत सरकारी दवाखान्यात प्रसूती, औषधे, रक्त आणि जाणे-येणे विनामूल्य आहे, हे माहीत असावे; पैशाअभावी पाय मागे घेऊ नये. रक्ताची गरज लागली तर देणारे दोघे-तिघे सांगून ठेवावेत. दिंडीतल्या भावंडांहून कोण जवळचे? आणि घरात सर्वांना बजावून ठेवावे: मी असो की नसो, तिला न्यायला कुणाच्या परवानगीची वाट पाहायची नाही.

आता वारी. माळ घातली तेव्हा वारी न चुकवण्याचा नेम केला, तो मोडायचा का? हा नेम हलका नाही, आणि तो हलका करण्याचा अधिकार आम्हाला नाही. पण ज्याच्यासाठी पांडुरंग पंढरीस आला त्या पुंडलिकाची कथा तरी आपल्याला सांगायला नको. देव दाराशी आला असता पुंडलीक आईबापांची सेवा करीत होता. त्याने सेवा सोडली नाही. वीट फेकली आणि ‘थांब’ म्हणाला. देव रागावला नाही, त्या विटेवर उभा राहिला, तो अजून उभा आहे. ज्या क्षेत्राचा पायाच ‘थांब, मी सेवेत आहे’ या शब्दावर घातलेला आहे, त्या क्षेत्रीचा देव कळा देणाऱ्या बायकोजवळ थांबलेल्या वारकऱ्याला विन्मुख करील, हे आम्हाला तरी पटत नाही. शिवाय अनुभव पाहा. २०२० आणि २०२१ ही दोन वर्षे महामारीमुळे पादुका एस. टी. बसमधून पंढरीला गेल्या. लाखो वारकऱ्यांनी घरातच टाळ-मृदंग घेऊन वारी केली. कुणाची माळ तुटली? समाजाच्या जिवासाठी लाखो थांबले, तर घरातल्या दोन जिवांसाठी एकाने थांबण्यात पाप कसले? घरची वारी भावाने, चुलत्याने करावी. आपण हरिपाठ दवाखान्याच्या बाकावर म्हणावा. आणि बाळ-बाळंतीण सुखरूप घरी आली म्हणजे कार्तिकीला जावे.

ज्याला दैवाने किंवा पोटाने दूर ठेवले त्याला मात्र कुणी दोष देऊ नये. सीमेवरचा जवान, एस. टी.चा चालक, परदेशी गेलेला मजूर यांना रजा मिळेलच असे नाही. केंद्र सरकारच्या नोकराला पंधरा दिवसांची पितृत्व रजा आहे. रोजंदारीवरच्याला कसली रजा? आणि उलट, ऊसतोडणीच्या कोपीत कित्येक बाया बाळंत झाल्या, तिथे लाजेचा विचार करायला सवड नव्हती. नवरा होता म्हणून जीव वाचला. तुकोबांचे धाकटे पुत्र नारायणमहाराज वडिलांच्या वैकुंठगमनानंतर जन्मले, असे परंपरा सांगते. त्यांनीच १६८५ साली पालखीसोहळा सुरू केला. म्हणजे बाप जन्माच्या वेळी नव्हता म्हणून पोर वाया जाते असेही नाही. आमचा बोल आहे तो जो थांबू शकतो आणि थांबत नाही, त्याला.

शेवटी दाराशी उभ्या असलेल्या बापासाठी एक गोष्ट. दार उघडते, परिचारिका बाहेर येते. पहिला प्रश्न कोणता निघतो? बहुतेकांच्या तोंडून ‘काय झालं?’ म्हणजे मुलगा की मुलगी. आतली बाई हे ऐकत असते. मुलगी झाली असेल तर त्या दोन शब्दांनंतर बाहेर पडलेली शांतताही तिला ऐकू येते, आणि ती जन्मभर विसरत नाही. ज्याने आत बसून ते बारा तास पाहिले त्याच्या तोंडून हा प्रश्न आधी निघत नाही असा आमचा विश्वास आहे. आणि मुलगा हवा म्हणून तिला आणखी एकदा त्या खाटेवर पाठवताना त्याची जीभही अडखळते. पण आत जाणे झाले नाही, तरी एवढे तर कुणालाही करता येईल. दार उघडले की आधी विचारावे, ‘ती कशी आहे?’ मग विचारावे, ‘बाळ कसे आहे?’ मुलगा-मुलगी हे मग आपोआप कळेल.

दिंडीत आपण लहानथोरांच्या, स्त्रीपुरुषांच्या पाया पडतो आणि प्रत्येकाला ‘माउली’ म्हणतो. विठ्ठलालाही विठाई म्हणतो. हा शब्द आपल्या तोंडी रात्रंदिवस आहे. ज्या खाटेवर एक बाई खरोखरच माउली होत असते, तिथे तिला काय हवे ते विचारून तेवढे करणे, याहून त्या शब्दाला जागण्याची दुसरी रीत आम्हाला माहीत नाही.

रामकृष्णहरि.